उरलेल्या गोळ्या

घसा दुखणं म्हणजे आपल्याकडे दुखणंच नव्हे! मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, हळद घातलेलं दूध प्यायलं की झालं. दूर परप्रांतात, गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या कालिंदीबाईंचाही हाच समज. त्यांच्या दहा वर्षांच्या लीनाचा घसा सुजून ताप भरला, तेव्हा जवळच्याच बेहाल्याच्या डॉक्टर सोमणांनी दहा दिवसांच्या पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप गेला, पोरगी दोरीवरच्या उड्या मारू लागली. "बऱ्या झालेल्या पोरीला उगीच कशाला उष्ण औषधं?" म्हणून बाईंनी गोळ्या थांबवल्या. पुढे शेजारच्या पुष्पाताईंच्या वृंदाचा घसा सुजला, तेव्हा उरलेल्या गोळ्या मोठ्या मायेने त्यांना नेऊन दिल्या. दोन दिवसांत वृंदालाही आराम पडला आणि तिच्याही गोळ्या बंद झाल्या. परक्या गावात बदलीची माणसं एकमेकांना धरूनच राहतात; त्यात काय वाईट?

तिसऱ्या आठवड्यात लीनाचा गुडघा सुजला. तो उतरतो न उतरतो तोच घोटा धरला. पोर पाय टेकवेना. नवरा दौऱ्यावर. कालिंदीबाईंनी टॅक्सी करून तिला सोमणांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर बराच वेळ लीनाच्या छातीला नळी लावून ऐकत राहिले.

"वहिनी, गोळ्या किती दिवस दिल्या?"

"चार दिवस. अहो, तापच राहिला नव्हता!"

"ताप गेला, पण घशातले जंतू तिथेच होते. प्रत्येक घसादुखी अशी नसते. हिचं औषध मात्र अर्धवट सोडलं तर ती मागाहून सांधे धरते, हृदयाच्या झडपांनाही सोडत नाही. लीनाच्या छातीत आज जो आवाज येतोय, तो मागे नव्हता."

"अगं बाई! माझ्याच हाताने केलं की हो मी!"

"रडू नका. उरलेल्या गोळ्यांचं काय केलंत?"

कालिंदीबाईंचा चेहरा पांढरा पडला. "शेजारच्या वृंदाला दिल्या. तिच्या दुखण्याचा आज आठवा दिवस."

"मग वेळ आहे अजून! घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत नीट औषध सुरू झालं, तर हे बहुतेक टळतं. आजच आणा तिला!"

पुष्पाताईंच्या दारात कालिंदीबाईंचे पाय अडखळले. वृंदा अंगणात खिदळत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण लीनाचा सुजलेला पाय डोळ्यांपुढून हलेना.

"पुष्पाताई, मी चुकले हो! मला काय बोलायचं ते मागाहून बोला. त्या अर्धवट गोळ्यांनी वृंदाच्या घशातले जंतू गेले नसतील, आधी तिला घेऊन डॉक्टरांकडे चला!"

पुष्पाताई संतापल्या. "तुमच्यावर विश्वास ठेवून पोरीला दिल्या मी त्या गोळ्या!" पण बोलता बोलताच त्यांनी चपला घातल्या.

त्याच दिवशी वृंदाची तपासणी होऊन औषध सुरू झालं आणि ती सुखरूप राहिली. लीना मात्र महिनोन् महिने अंथरुणात होती.

वाचकहो, घसा सुजून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. दिलेलं औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्या आणि आपलं औषध मायेपोटीसुद्धा दुसऱ्याच्या लेकराला देऊ नका! कालिंदीबाई हे आता ज्याला त्याला सांगतात. आणि पुन्हा घसा धरून हृदय आणखी बिघडू नये, म्हणून दर तीन आठवड्यांनी लीनाला पेनिसिलिनच्या इंजेक्शनला घेऊन जातात. किती वर्षं न्यायचं, ते डॉक्टरही आज सांगू शकत नाहीत.