साबणाची तार

"सगळ्या तारा एकदम काढायच्या नसतात," मी सासूबाईंना मुद्दाम मोठ्यानं सांगितलं. "घोडी पडते."

घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी. सासूबाई खाटेवरून नुसत्या बघत राहिल्या. मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना उठता येत नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

लग्नात मी माझं व्हायोलिन घेऊन आले होते. एकदा माहेराहून परतले, तर सगळ्यात बारीक तार गायब. सासूबाई मोरीत बसून त्या तारेनं धुण्याच्या साबणाची लांब वडी कापत होत्या. सुरीपेक्षा छान कापते म्हणे! नवऱ्याला सांगितलं, तर तो हसला. मी नवी तार लावली; तीही साबणाला गेली. मग व्हायोलिनच माळ्यावर गेलं. पण मी विसरले असेन तर शपथ.

आता ते खाली काढलं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक गंजकी तार उतरवली. घोडीच्या खाचेत पेन्सिल घासली, नवी तार खुंटीत ओवून हळूहळू ताणली. नव्या तारा सुरातून सारख्या उतरतात. त्या पुन्हा चढवायच्या आणि रोज दुपारी, सासूबाईंच्या ऐन झोपेच्या वेळी, खाटेशी उभं राहून वाजवायचं. इतक्या वर्षांत बोटांची पार लाकडं झालेली. असं काही बेसूर निघे की दारातलं कुत्रं उठून जाई. बरंच झालं, म्हटलं, घ्या ऐकून. पण बाईंच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. मी आणखी जोरात गज ओढी.

आज डॉक्टर पाय बघायला आले. त्यांनी विचारलेलं सासूबाईंना काही कळेना. डॉक्टरांनी कानाशी टाळी वाजवली, कानात बॅटरी मारली आणि नवऱ्याला म्हणाले, "यांना ऐकू येत नाही. बऱ्याच दिवसांपासून नसावं."

कुणाचं ऐकायची सवयच नव्हती त्यांना, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मी हट्टानं व्हायोलिन खांद्याला लावलं. सासूबाई माझ्या पुढेमागे सरकणाऱ्या हाताकडे बघत राहिल्या. मग मायेनं म्हणाल्या, "पुरे गं आता. किती साबण कापशील?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडणार कुणाशी? मी फडकं घेतलं आणि तारांवर पडलेली गजाची राळ पुसायला लागले. इतके दिवस त्या खोलीत ते बेसूर ऐकणारी मी एकटीच होते.