साठपैकी साठ

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि चार नंबरचं यंत्र अजून त्यांचंच होतं. तसं त्यावर काम करायला एक नवीन बाई आली होती. कामाला चोख, डोक्यानं थंड. पण यंत्राच्या डाव्या अंगाला ती उभी राहायची नाही. सगळं उजवीकडून करायची. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिथं आधीच कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मी आपली इकडून करते."

मी तिच्यावर डाफरले. असल्या भाकडकथा कारखान्यात चालणार नाहीत म्हटलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे इथं सगळ्यांना माहीत आहे, आणि घरात तर त्याहून जास्त. खरी गोष्ट ही की ती जे बोलली ते मला आठ महिने जाणवत होतं, आणि मला वाटलं होतं की फक्त मलाच जाणवतंय.

आम्ही विजेच्या गाड्यांच्या मोटरचं कवच ओततो. ॲल्युमिनियमचं, मोठ्या पातेल्याएवढं, आणि त्याच्या भिंतीच्या आतून पाणी खेळवायची वाट असते, मोटर तापू नये म्हणून. साचा बंद होतो, वितळलेला रस जोरानं आत ढकलला जातो, थिजतो, साचा उघडतो, नग बाहेर येतो. मग पुढच्या नगासाठी साच्यावर पाण्याचा फवारा, आणि फवाऱ्यानंतर हवा, साचा कोरडा व्हायला. कोपऱ्यात थेंबभर पाणी राहिलं तरी त्याची वाफ होते, ती धातूत अडकते आणि नगात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. असा नग टाकीत बुडवून त्यात हवा भरली की बुडबुडे निघतात. बुडबुडा दिसला की नग बाद.

माझं काम वरच्या मजल्यावर, संगणकात. खरा साचा तापायच्या आधी मी तो पडद्यावर तापवते. रस कुठून कसा वाहील, कुठं आधी थिजेल, साचा किती वेळात सुकेल, हे सगळं तिथं दिसतं. गेल्या वर्षी मी दाखवून दिलं की हवा सात सेकंद मारायची गरजच नाही, तीन पुरतात. ब्याण्णव सेकंदांचा नग अठ्ठ्याऐंशीत होईल. खालच्यांनी नाकं मुरडली. मग ठरलं, प्रयोग करू. साठ नग ओतायचे, आणि ओतणारा हात सगळ्यात पक्का हवा. तो हात माझ्या वडिलांचा होता. त्यांनी एकतीस वर्षं ओतकाम केलं होतं.

साठपैकी साठ नग निर्दोष निघाले. एक बुडबुडा नाही. माझे पडद्यावरचे आलेख आणि साच्यातल्या दाबाचे खरे आलेख एकमेकांवर असे बसले की कुठला कुणाचा हे सांगता येईना. कारखान्याच्या दारात आम्हा दोघांचा फोटो लागला आणि खाली ओळ लिहिली, 'साठपैकी साठ'. नवी वेळ फक्त चार नंबरवर लावली, तिथं तेव्हा एकच पाळी चालायची, बाबांची. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी बाबा बुटाची नाडी बांधता बांधता खुर्चीतच गेले.

त्यांच्यानंतर ती नवीन बाई आली आणि नग गळायला लागले. दर तीन नगांत एक, आणि नेहमी डाव्या कोपऱ्यातून. यंत्र तेच, साचा तोच, वेळ तीच. बदललं होतं फक्त माणूस. खापर कुणावर फुटणार हे सांगायला संगणक लागत नाही. शुक्रवारी तिची सहा महिन्यांची मुदत संपत होती. प्रॉडक्शनचे साहेब मला म्हणाले, "तुमचा अहवाल आला की मी तिला मोकळं करतो. एक ओळ पुरे, ऑपरेटरची चूक."

ती ओळ मी सोमवारीच लिहिली होती. सही करायची राहिली होती.

सही का केली नाही? तिची कणव आली म्हणून नव्हे. मला ती बाई आवडत नव्हती. बाबांच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवत नव्हतं, आणि ती तिथं धड उभीही राहत नव्हती. पण चूक कुठली हे लिहायला हवं होतं, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं. मी दोन दिवस तिच्यामागे उभी राहिले. कामाचा कागद यंत्रावर चिकटवलेला होता, माझ्याच सहीचा. ती त्यातली ओळ न् ओळ पाळत होती. तीन सेकंद हवा, साच्याकडे नजर, हिरवं बटण. मला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

बुधवारी दुपारी मी प्रयोगाच्या जुन्या फायली काढल्या. साच्याला आम्ही बटणाएवढा एक माइक चिकटवला होता, रस आदळतानाचा आवाज टिपायला. त्या आवाजाचा मी फक्त आलेख बघितला होता. ऐकला कधीच नव्हता. रस आदळायच्या आधीचा सगळा भाग मी 'गोंगाट' म्हणून एका खुणेनं गाळून टाकला होता. आता बघायला दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून ती खूण काढली आणि कानात इअरफोन घातले.

आधी यंत्राची हवा. तीन सेकंद. मग ती थांबली, आणि दुसरी हवा सुरू झाली. बारीक, जवळची, हातातल्या पाइपची. आणि त्या हवेतून बाबांचा आवाज आला, हळू, स्वतःशीच मोजणारा. "एक. दोन. तीन. चार. हं, बस." मग बटणाचा टक् असा आवाज.

भर दुपारी, माणसांनी भरलेल्या खोलीत, मेलेला माणूस माझ्या कानात मोजत होता. मी दुसरी फाइल लावली. "एक. दोन. तीन. चार." सतरावी लावली. त्रेचाळिसावी लावली. साठही लावल्या. एकीतही ते पाच म्हणाले नाहीत.

यंत्र स्वतःचा वेळ मोजतं, बटण दाबेपर्यंतचा माणसाचा वेळ मोजत नाही. तो मी कागदावरून घेतला होता. त्या न मोजलेल्या वेळात बाबा साच्याचा डावा कोपरा हातानं सुकवत होते. मी गणितातून काढलेले चार सेकंद त्यांनी गुपचूप परत घातले होते.

साठ फायलींच्या आधी आणखी तीन होत्या. माइक नीट लागलाय की नाही हे बघतानाच्या, असं समजून मी त्या बाजूला टाकल्या होत्या. त्यांत हातातली हवा नव्हती. यंत्राची तीन सेकंद हवा, बटण, रसाचा धडाका. तिसऱ्या फाइलच्या शेवटी माइक चालूच राहिला होता.

"हा पण गळतोय?" बाबा विचारत होते.

"गळतोय. तिला बोलवू का खाली?"

"नको. भट्टीत टाक तिन्ही. तिला यातलं अक्षर सांगू नकोस. मी बघतो काय ते."

दुसरा आवाज टाकीवरच्या काकांचा होता. नग बुडवून बुडबुडे बघायचं काम त्यांचं, बाबांचे जुने दोस्त. मी जिना उतरून थेट टाकीपाशी गेले. फार काही बोलावं लागलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी हातातला नग खाली ठेवला.

"तुम्ही दोघांनी मला फसवलंत," मी म्हटलं.

"फसवलं कसलं, बाळ. तुझ्यापुढे खराब नग ठेवायची कुणाची छाती होती? मागं एकदा तो म्हणाला होता ना, तुझं गणित चुकतंय म्हणून? तू घरात आठ दिवस अबोला धरलास. एका ताटासमोर बसून तू त्याच्याकडे बघायची नाहीस. तो इथं येऊन जेवायचा. मला म्हणाला, पुन्हा ते नको बाबा, त्यापेक्षा मी हवा मारतो."

मला ते आठ दिवस आठवत होते. मला वाटायचं, बाबा विसरले असतील.

त्या संध्याकाळी आईनं माझं तोंड बघून विचारलं. मी तिला सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की शुक्रवारी हे साहेबांसमोर वाजवलं तर बाबांनी प्रयोगात लबाडी केली असं ठरेल. नाही वाजवलं तर एका बाईची नोकरी जाईल.

"मला ऐकव आधी," आई म्हणाली.

तिनं पहिल्यांदाच कानात इअरफोन घातले. 'बस' शब्दाला तिचे डोळे मिटले. तिनं ते तीनदा ऐकलं. मग इअरफोन काढून माझ्या हातात दिले.

"सर्दी झाली होती बघ तेव्हा त्यांना," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "वाजव. त्यांनी तुझ्यासाठी केलं ते केलं. त्या बाईनं त्याची किंमत का भरायची?"

शुक्रवारी मी सतरावी फाइल वाजवली. साहेब टेबलाकडे बघत राहिले. नवीन बाई दाराशी उभी होती. बाबांचा आवाज ऐकून तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तो कुणाचा हे तिला न सांगता कळलं.

"म्हणजे साठपैकी साठ खोटं?" साहेबांनी विचारलं.

"नग खरे होते. प्रयोग खोटा होता. साचा तीन सेकंदांत सुकतो हे माझं गृहीतक चुकलं, आणि हाताचा वेळ मी मोजलाच नाही. या बाईंनी फक्त माझा कागद पाळला. चूक माझी आहे."

"आणि वडिलांचं काय लिहू?"

"मला घाबरले, असं लिहा." त्यांनी ते लिहिलं नाही. दारातल्या फोटोखालची ओळ मात्र त्याच दिवशी निघाली. नवीन बाई कायम झाली.

पुढच्या सोमवारी प्रयोग पुन्हा सुरू केला. या वेळी तीन सेकंदांपासून सातपर्यंत, एकेक सेकंद वाढवत, आणि हाताची हवा पूर्ण बंद. ती बाई उजवीकडे. डावी बाजू रिकामी होती, म्हणून तिथं मी उभी राहिले. यंत्राची हवा सुरू झाली. मी ओठांत मोजत होते. तीनवर ती थांबली. माझे ओठ मात्र पुढे चालले, चार, आणि कान त्या बारीक हवेची वाट बघत राहिले. ती आली नाही. एवढ्या महिन्यांत प्रथमच तिथं कुणी नव्हतं. बाईनं बटण दाबलं.

नग टाकीत गेला. काकांनी हवा भरली आणि डाव्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर आली. आसपासचे हात थांबले. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले, आणि ते किती वर्षं असे बघत आले असतील हे मला तेव्हा कळलं. काका तर नग तसाच पाण्यात दाबून उभे होते.

नवीन बाईनं त्यांच्या हातातून नग काढून घेतला, पाणी निथळवलं आणि माझ्यासमोरच्या टेबलावर आणून ठेवला.

"गळतोय, मॅडम. तीन सेकंद पुरत नाहीत."

राग आला. नेहमीचा, कानशिलं तापवणारा. मी तो येऊ दिला आणि जाऊ दिला. मग वही उघडून पहिल्या ओळीत लिहिलं, नग पहिला, गळती. खाली तारीख घातली.

"ठेव इथंच," मी तिला म्हटलं. "पुढचा घे."

ती वळली, यंत्राकडे गेली. मी त्या ओल्या नगावर हात ठेवून उभी राहिले. तो अजून कोमट होता. बाबा तिथं असते तर मी त्यांना एवढंच दाखवलं असतं, की बघा, मी रागावले नाही.