गोलकीपरच्या सुट्टीचे प्रेक्षक

गल्लीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आठवडाभर लोकांचे नळ दुरुस्त करायचा आणि रविवारी गोल खायचा. नळाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने बसवलेल्या जोडातून थेंब गळत नसे. चेंडू मात्र गळायचे, म्हणून लोक त्याला प्रेमाने चाळण म्हणत. संघ हौशी होता, म्हणजे बूट ज्याचे त्याने आणायचे, आणि लागलं तर मलमही.

लग्नाला कित्येक वर्षं झाली तरी त्याने बायकोला कुठे नेलं नव्हतं. बायको घरी शिवणकाम करायची. एकदा तिने मशीनवरून मान वर न करता सांगितलं, की तिला दागिना नको, साडी तर नकोच, ती स्वतःच लोकांच्या साड्यांना फॉल लावून थकलीय. चार दिवस असे हवेत, की त्यात कुणी ‘चाळण’ म्हणून हाक मारणार नाही. त्याने शब्द दिला. शब्द द्यायला तो पहिल्यापासून उदार. नाही म्हणणं त्याला कुणालाच जमत नसे, चेंडूलासुद्धा.

ही गोष्ट त्याच्या तोंडून निघाली ती सलूनमध्ये. गळ्यावर वस्तरा असताना माणूस फार लपवत नाही. सलूनवाला दादा हा प्रेक्षक मंडळाचा अध्यक्ष. त्याने वस्तरा पुसला आणि जाहीर केलं, की आपल्या गोलकीपरला सुट्टीवर पाठवणं हे आपलं, म्हणजे चाहत्यांचं, कर्तव्य आहे.

सभा सलूनमध्येच भरली. निवृत्त मास्तरांनी हरकत घेतली. हौशी खेळाडू म्हणजे हौसेने खेळणारा. जो हौसेने खेळतो त्याची रोजच सुट्टी. मग सुट्टीवरून सुट्टीवर माणूस जाणार कसा, असा त्यांचा मुद्दा होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते आपणच का मोजायचं? किराणा दुकानदाराला वाटत होतं, की निदान गोल अडवणाऱ्याला तरी पाठवा. त्यावर दादा म्हणाला, की संघात सगळ्यात जास्त वेळा वाकतो कोण? जाळ्यातून चेंडू काढून काढून त्याची कंबर गेलीय, आणि एवढं वाकणं अडवणाऱ्यांच्या नशिबी नसतं. हे सगळ्यांना पटलं. मास्तरांनीही शेवटी हात वर केला, कारण त्यांचे केस एकाच बाजूने कापून झाले होते आणि कात्री दादाच्या हातात होती.

वर्गणीचा डबा फिरला, तळ्याकाठच्या विश्रामगृहात खोली ठरली. बायकोने नवी पिशवी शिवली. निघायच्या दिवशी दोघं बसथांब्यावर आले, तर तिथे अख्खी गल्ली सामान घेऊन उभी.

“दादा, तुम्ही कुठे?” गोलकीपरने विचारलं.

“अरे, वर्गणी काढलीय आम्ही,” दादा म्हणाला. “मग बघायला नको?”

यात त्याला काहीच वावगं दिसत नव्हतं. आयुष्यभर त्याने ज्याचे पैसे दिले ते पाहिलंच होतं. बायको नवऱ्याच्या कानाशी एवढंच पुटपुटली, “भीक नको, पण कुत्रा आवर.” नवऱ्याला भीकही नाकारता आली नाही आणि कुत्राही आवरता आला नाही.

गल्लीची एक जुनी सवय होती. सामना पाहायला सगळे गोलच्या मागे उभे राहायचे आणि तिथून गोलकीपरला सूचना द्यायचे. तळ्याकाठी दोघं खुर्च्या टाकून बसले, तर मंडळी सवयीने खुर्च्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

“पाय लांब कर, चाळण!”

त्याने केले.

“चहा घे, गार होतोय!”

त्याने घेतला. होडीत बसले तेव्हा सगळे काठाने चालत राहिले आणि डावीकडे, डावीकडे असं सांगत राहिले. त्याने डावीकडे वल्हवलं आणि होडी लव्हाळ्यात जाऊन रुतली. काठावरून टाळ्या पडल्या. प्रयत्न प्रामाणिक होता, असं मास्तर म्हणाले. बायको पाण्याकडे पाहत होती. मशीनमध्ये दोरा गुंतला की ती अशीच पाहायची.

दुपारी दोघांनी खोलीचं दार लावून घेतलं. बाहेर पावलं वाजली, मग सगळे एकमेकांना गप्प करू लागले. मग दादाची कुजबुज आली, “डाव्या कुशीवर झोप, डाव्या.” तो वळू लागला. बायकोने त्याचा खांदा धरला.

“अहो, आत्ता आपल्या गल्लीत कोण असेल?”

त्याने विचार केला. दुकानदार इथे. मास्तर इथे. ज्यांची टाकी दर आठवड्याला गळते ते खालच्या मजल्यावरचे काकाही इथेच, काकूंसकट.

“कुणीच नाही,” तो म्हणाला.

“मग घरी चला.”

“त्यांना काय वाटेल? त्यांनी एवढी पदरमोड केलीय.”

“त्यांना कळलं तर वाटेल ना.”

एवढ्या लोकांना नाही म्हणायचं, म्हणजे त्याच्या सगळ्या कारकिर्दीपेक्षा मोठं काम होतं. पण इथे म्हणायचं नव्हतं, नुसतं निघायचं होतं, आणि न्हाणीघराच्या मागे पाइपांसाठी ठेवलेलं छोटं दार त्याने आल्याआल्याच पाहून ठेवलं होतं. धंद्याची खोड.

बायको पुढच्या दाराने बाहेर गेली. “दादा, ते आता सुट्टी संपेपर्यंत झोपणार म्हणतायत. जेवणाचा डबा वगैरे आहे आमच्याजवळ. तुम्ही जरा दाराकडे बघाल ना?”

“वहिनी, माशी आत जाणार नाही,” दादा म्हणाला. लगेच पाळ्या लागल्या. या संघाचा बचाव एवढा भक्कम कधीच झाला नव्हता.

तिने आत येऊन कडी लावली, आणि छोट्या दारातून निसटून दोघं घरी आले. गल्लीत एकही नळ गळत नव्हता, निदान सांगायला कुणी नव्हतं. ब्लाउज आणून “उद्याच हवाय” म्हणणारं कुणी नव्हतं. सलूनच्या बंद दारापुढच्या पायरीवर बसून दोघांनी चहा घेतला आणि कुणीही तो गार होत असल्याचं सांगितलं नाही. ती त्याला नावाने हाक मारायची आणि तो थोडा उशिरा ओ द्यायचा, कारण सवय मोडली होती. मग तिथेच तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो उजव्या कुशीवर झोपला.

तिचा फोन वाजला. “वहिनी, दार वाजवत नाही, झोपमोड होईल,” दादा कुजबुजला. “झोपलाय ना?”

“गाढ,” ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

“मास्तर दाराला कान लावून बसलेत. म्हणतात, घोरणं बरंच सुधारलंय.”

शेवटच्या दिवशी पहिल्या बसने ते तळ्यावर गेले, छोट्या दारातून आत शिरले आणि मोठ्या दारातून जांभई देत बाहेर आले. टाळ्यांचा कडकडाट झाला. चेहरा बघा, टवटवीत झालाय, असं सगळे म्हणत होते. तसे तळ्याची हवा खाऊन त्यांचेही चेहरे झाले होते.

रविवारी त्याने नेहमीइतकेच गोल खाल्ले. पुढच्या सुट्टीसाठी पुन्हा सभा भरली. मास्तरांनी विचारलं, की या सुट्टीचा खेळाला नेमका उपयोग काय झाला? दादाने डबा हातात धरला होता, पण पुढे करायला तो कचरत होता.

तेवढ्यात गोलकीपरची बायको दारातून आत आली आणि तिने डब्यात पहिली नोट टाकली.

“पुढच्या वेळी अजून दोन दिवस वाढवा,” ती म्हणाली. “आणि दादा, सगळे या. कुणाला मागे ठेवू नका.”