बाहेरचा जिना

लिओनार्डने टोपी बाकावर आपटली, तशी बाकीच्या तिघा पंचांची बाचाबाची थांबली.

“एकेकाने बोला. डेल्रॉय, तू सांग.”

“सोप्पं आहे, अंकल. भाडेकरूंच्या बाइक्स गल्लीतून बाहेर. नाय काढल्या तर चाकांची हवा सोडायची.”

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून पंच लिओनार्डच्या ओट्यावर जमले होते. अंधेरीतल्या त्या गावठाणात आजोबांच्या वेळेपासून तंटे इथेच मिटत. तेव्हाचे तंटे बांधाचे, विहिरीच्या पाळीचे, कुणाच्या डुकरांनी कुणाचं भात तुडवलं त्याचे. आता शेतांच्या जागी टॉवर आले होते आणि गावात मूळच्या गावकरांपेक्षा भाडेकरू जास्त झाले होते. पंचांत बसायचा मान मात्र गावकरांचाच होता.

गेल्या आठवड्यात पंचांतल्या रिचर्डच्या बायकोला, जेनिसला, हार्ट अटॅक आला. ॲम्ब्युलन्स गल्लीतच अडली. शेवटी पोरांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून गाडीपर्यंत उचलून नेलं. ती वाचली, पण थोडक्यात. लिओनार्ड त्या दिवशी मुलीकडे चेंबूरला होता. परतल्यावर त्याला सगळ्यांनी एकच सांगितलं होतं, बाइक्स आड आल्या.

“बाइक्स नव्हत्या हो आड,” खालून आवाज आला.

लिओनार्डच्या वरच्या खोलीतली भाडेकरू सुगंधा ओट्याखाली उभी होती. मूळची कणकवलीची, नवरा आणि लेकीसह बरीच वर्षं इथे राहत होती.

“ताई, ही पंचांची बैठक आहे,” डेल्रॉय म्हणाला.

“बोलू दे तिला,” लिओनार्ड म्हणाला.

“बाइक्स पोरांनी तेव्हाच उचलल्या. गाडी अडली ती तुमच्या जिन्याला, अंकल. मी वरच्या पायरीवरून बघत होते. ड्रायव्हरने आरसे मिटले, तरी गाडी पुढे सरकेना.”

खोली भाड्याने देता यावी म्हणून लिओनार्डने भिंतीबाहेर लोखंडी जिना काढला होता. गल्लीचा चांगला तिसरा हिस्सा त्याने खाल्ला होता. तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती.

लिओनार्डने रिचर्डकडे पाहिलं. रिचर्डची नजर पायांतल्या चपलांवर होती.

“खरं काय रे?”

“तुम्ही मोठे, अंकल. तुम्हाला काय बोलणार?”

लिओनार्डने टोपी उचलली, आतून बाहेरून फिरवून पाहिली आणि परत खाली ठेवली. स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा या माणसाला तोंड उघडवलं नव्हतं. इतका धाक त्याने कधी मागितला नव्हता. पण कधी नाकारलाही नव्हता.

“जिना पाडू,” तो म्हणाला. मग एकदम सुगंधाकडे वळला. “अगं, पण मग तू घरात जाणार कशी?”

“तेच तर. ते माझ्या पाठीमागे ठरायला नको, म्हणून आले.”

“जिना जाणार हे ठाऊक असून सांगायला आलीस?”

“जेनिसताईला खुर्चीतून नेताना बघितलं ना, अंकल. उद्या आमच्या घरातलं कुणी असेल.”

डेल्रॉय उठला, बाकावर तिच्यासाठी जागा केली आणि स्वतः कठड्याला टेकून उभा राहिला. सुगंधा अंग चोरून बसली.

बराच खल झाला. मागच्या बाजूने जिना काढायचा तर शेजाऱ्याची भिंत आडवी येत होती. खोली रिकामी करून घ्यावी, असं चौथे पंच, म्हातारे भाऊ, दबक्या आवाजात म्हणाले. लिओनार्डने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“जिना आतून घेऊ,” तो अखेर म्हणाला. “माझ्या हॉलमधून.”

“रोज यांची ये-जा तुमच्या घरातून?” डेल्रॉय म्हणाला.

दारात उभी असलेली सिसिलिया, लिओनार्डची बायको, आत वळून हॉलकडे पाहू लागली.

“सोफा हलवायला लागेल,” ती म्हणाली. “आणि चपला बाहेर काढायच्या, सांगून ठेवते.”

लिओनार्डने रिवाजाप्रमाणे हात वर करायला सांगितलं. रिचर्डचा हात आधी वर गेला. मग डेल्रॉयचा, मग भाऊंचा. लिओनार्डने स्वतःचाही वर केला.

“चार. झालं, पास,” डेल्रॉय म्हणाला.

“थांब. अजून एक हात राहिलाय,” लिओनार्ड सुगंधाकडे बघत म्हणाला.

सुगंधाने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. चौघांचे हात वरच होते.