दुसरा किरण

तिने दुसऱ्या लेझरच्या वाटेत इस्पिकची दुर्री उभी केली आणि पडद्याकडे पाहिलं. आलेखातली बारीक खाच जागची हलली नाही.

पत्ता काढला. पुन्हा ठेवला. खाच तिथेच.

काचेच्या कुपीत अणूंचा ढग थंड करून जवळजवळ थांबवलेला होता. पहिल्या लेझरचा प्रकाश ते अणू गिळत. दुसरा सोडला, की पहिल्याला वाट देत. ती वाट म्हणजेच ही खाच. तिची सहा वर्षं, तिचा प्रबंध, सगळं या खाचेवर उभं होतं. पण दुसरा किरण अडवूनही खाच राहत असेल, तर ती अणूंची नव्हे. यंत्रातलाच कुठला तरी दोष.

"पत्ता काढ," मागून सर म्हणाले. "समिती जिन्यात आहे."

"आधी वहीत लिहिते, सर."

"आज नको. उद्या शांतपणे बघू."

"आज समितीपुढे मांडली, तर उद्या कोण बघणार?"

"अगं, पदवी हातातोंडाशी आलीय. कशाला पायावर धोंडा मारून घेतेस?"

"धोंडा माझा, पायही माझाच."

वही शाईनेच लिहायची, पान फाडायचं नाही आणि नोंदीखाली दोन सह्या हव्यात: करणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. हा नियम सरांनीच घातलेला. तिने तीन ओळी लिहिल्या, सही केली, वही त्यांच्यापुढे सरकवली.

सरांनी पेनाचं टोपण काढलं नाही.

"पाहणाऱ्याशिवाय नोंद धरत नाहीत," ते म्हणाले.

कोपऱ्यात पंपाचे बोल्ट आवळणारे मामा उठले. तंत्रज्ञ असले तरी सगळे त्यांना मामाच म्हणत. पत्तेही त्यांच्याच डब्यातले. त्यांनी फडक्याला हात पुसले आणि पेन मागितलं.

"मामा, यातलं तुम्हाला काय कळतं?"

"काही नाही, सर. दुर्री मधे होती, खाच पडद्यावर होती. एवढं पाहिलं."

वयाच्या चाळिशीत गिरवून शिकलेली अक्षरं त्यांनी सहीच्या जागी एकेक करून मांडली.

"डावात दुर्रीला कुणी विचारत नाही," पेन परत देत ते म्हणाले. "आज तिनं हात केला."

दारावर टकटक झाली. सर टेबलाशी गेले, पत्त्याकडे हात नेला. दुर्री थोडी कलली होती. त्यांनी ती सरळ केली, किरण पुरता अडेल अशी, आणि पडद्याकडे पाहिलं.

"उघड दार," ते म्हणाले. "वही राहू दे तिथेच."