डेकवर पडलेली टाचणी

जाकिटाच्या गळपट्टीतून तिने एकेक टाचणी उपसली आणि तपासणीच्या टेबलावरच्या पत्र्याच्या थाळीत टाकली. मग खिशातली कात्री काढली, खडू काढला, मापाची टेप, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. थाळीमागचा नौसैनिक आधी गालातल्या गालात हसत होता, पण टाचण्या संपेनात तसा गंभीर झाला.

"बाई, जहाज बघायला आलात की जहाजाला कपडे शिवायला?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"तुझ्या तोंडाला टाका घालायला," ती मागे न बघता म्हणाली.

रांगेत हशा पिकला. मागे उभा असलेला तिचा धाकटा भाऊ सगळ्यांत मोठ्याने हसला. ताईच्या जिभेचा मार दुसऱ्याला बसला की त्याला नेहमीच हलकं वाटायचं.

विमानवाहू जहाज परवा बंदराला लागलं, तेव्हापासून गावाला दुसरा विषय नव्हता. धक्क्याजवळच्या गच्च्या ओळखीपाळखीच्या माणसांनी भरून गेल्या होत्या. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं होतं, कारण गिऱ्हाइकं खुर्चीत बसून मान वळवायची आणि वस्तरा चालवणं धोक्याचं झालं होतं. कोणी म्हणे, जहाजाच्या पोटात आख्खं गाव मावतं. कोणी म्हणे, या टोकाचा माणूस त्या टोकाला पोचेपर्यंत त्याला पुन्हा भूक लागते. भावाचा आपला एकच प्रश्न होता, विमानं उडवायला समुद्रात कशाला जायचं, जमीन काय संपली?

तिला जहाजाचं काही कौतुक नव्हतं. तिची बारकी त्यावर होती, एवढंच.

दुसऱ्यांचे कपडे बेतून उरलेल्या तुकड्यात लेकीचा झगा निघायचा, म्हणून ती बारकी. तीच बारकी आता विमानांची दुरुस्ती करायची. नौदलाशी झालेला तिचा करार संपत आला होता. पुढे राहायचं की घरी यायचं, ते जहाज उद्या सुटण्याआधी तिला सांगायचं होतं. फोनवर म्हणाली होती, "आई, अजून ठरवलं नाही." त्या एका वाक्यावर आईने इमले बांधले. दुकानातल्या दुसऱ्या शिवणयंत्रावरचं झाकण काढलं, तेल घातलं, पट्टा बदलला. तिची स्वतःची नजर अधू होत चालली होती. सुई ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे आणि शेजारीण एका सुईमागे चार गोष्टी ऐकवून जाई. 'येते' हा शब्द लेकीच्या तोंडून घेतल्याशिवाय जहाजावरून उतरायचं नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"ताई, तिच्याशी जरा हळू बोल हं," जिना चढताना भाऊ म्हणाला.

"मी कधी जोरात बोलते?"

"त्या न्हाव्याला विचार. दोन गल्ल्या पलीकडे राहतो."

अर्ध्या जिन्यावर कठड्याला धरलेल्या हाताचा अंगठा सवयीने डाव्या बाहीच्या दुमडीत गेला. तिथे एक टाचणी होतीच. अडीअडचणीला असावी म्हणून आतून खोचलेली, जाकिटाइतकीच जुनी. ती थबकली. मागची रांग पाठीवर आली. पुन्हा खाली उतरायचं, एका टाचणीसाठी? पक्की बसली आहे, ती मनाशी म्हणाली आणि चढू लागली.

वर आली तशी वाऱ्याने तिला हलवलंच. समोर नुसतं लोखंडी माळरान पसरलेलं होतं. झाड नाही, भिंत नाही, पलीकडे एकदम आभाळ. बघणाऱ्यांसाठी दोरखंड लावून वाट आखली होती. लोक विमानांच्या पंखांखाली उभे राहून फोटो काढत होते आणि पोरं चाकांना लाथा मारायला बघत होती.

"आई!"

हिरव्या सदऱ्यातली एक उंच बाई दोरखंडापाशी आली. कानांवरची मोठी झाकणं तिने मानेवर सरकवलेली होती. आईने आधी तिच्यामागे बघितलं आणि मग तिच्याकडे. ही बारकी! चेहरा रापला होता आणि खांदे तर भावाच्या खांद्यांसारखे भरले होते.

"मामा, ढेरी वाढली तुझी."

"तुझं जहाज बघून तिलाही जोर चढला."

ती हसली तशी आईही हसली. काय काय बोलायचं ते घरून जुळवून आणलं होतं, पण नजर लेकीच्या मनगटावर गेली आणि तिथेच अडकली. उजव्या बाहीचा काठ उसवला होता. दुमड सुटून लोंबत होती. चाळीस वर्षं शिवणाऱ्या हाताला विचारावं लागत नाही. तिने एका हाताने लेकीची बाही धरली, दुसऱ्या हाताने दुमडीतली टाचणी उपसली, आणि उसवलेला काठ वर घेतला.

"आई, हातात काय आहे?"

लेक एवढी झटक्यात मागे सरली की बाही तिच्या हातातून सुटली. टाचणीही सुटली. आवाजसुद्धा झाला नाही. वाऱ्यात कुठे आवाज होणार?



"कुणी बघितलं नाही," भाऊ हळूच म्हणाला. "एवढ्याशा टाचणीचं काय घेऊन बसायचं? एवढं लोखंड आहे."

बारकीने मामाकडे बघितलंही नाही. होती त्या जागी उभी राहून तिने हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडली, "थांबा! कोणीही पाऊल हलवू नका!"

माणसं दचकून थांबली. एक अधिकारी लगबगीने आला.

"साहेब, टाचणी पडली आहे. माझ्या आईच्या हातून."

आईचे कान तापले. नवऱ्यामागे एकटीने संसार ओढला, पण चारचौघांत आपलं नाव असं कोणी घेतलं नव्हतं. आणि घेतलं ते पोटच्या पोरीने, खाली न बघता.

अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला नाही की आवाज चढवला नाही. त्याने शिट्टी फुंकली. लोकांना पावलं बघत बघत मागे नेण्यात आलं. जहाजाच्या पोटातून माणसं वर आली. आचारी पांढऱ्या एप्रनसकट आला, कारकून आला, डॉक्टर आला. सगळे खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभे राहिले आणि माना खाली घालून पाऊल पाऊल पुढे सरकू लागले.

"हे रोज करतो आम्ही," बारकी म्हणाली. "विमानाचं इंजिन हवा ओढतं, तसं खाली पडलेलं काहीही ओढून घेतं. एक खिळासुद्धा आत गेला तर आतली पाती तुटतात. आणि विमानात माणूस असतो, आई."

ती वळली आणि ओळीत जाऊन उभी राहिली.

आईला आपली जुनी खोली दिसली. सुई हरवली की सगळं थांबायचं. चूल पेटत नसे, गिऱ्हाइकाला पाय वर घेऊन बाकावर बसावं लागे, आणि बारकी रडत रडत, पण फरशीला नाक लावून शोधायची. तेव्हा ती पोरीला म्हणायची, रडायचं असेल तर रड, पण डोळे उघडे ठेवून रड. शेजारीण म्हणायची, सुईसाठी पोरीचा जीव घेशील. आता हा आचारी जीव द्यायला आल्यासारखा वाकून बघत होता, आणि त्याच्या शेजारी बारकी.

दोरखंडाखालून वाकून ती ओळीकडे निघाली.

"आजी, तुम्ही तिकडे थांबा," अधिकारी म्हणाला.

"टाचणी माझी आहे. आणि आजी कोणाला म्हणतोस? अजून लेकीचं लग्न व्हायचंय."

ओळीत कुणीतरी खुदकन हसलं. अधिकाऱ्याने बारकीकडे बघितलं. बारकीने मान न उचलता थोडं सरकून आईला जागा करून दिली.

ती चालू लागली. करड्या खरखरीत रंगावर करडी टाचणी, तिला दिसणं शक्यच नव्हतं. प्रत्येक ओरखडा टाचणीसारखा दिसे आणि जवळ गेलं की ओरखडाच निघे. तरी ती मान खाली घालून चालत राहिली. आचाऱ्याला केसांचा चाप सापडला. डॉक्टरला सदऱ्याचं बटण. कारकुनाला शेंगदाणा मिळाला, तो त्याने तितक्याच गांभीर्याने उचलला. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं.

शेजारचे बूट थांबले.

विमान साखळीने बांधायला डेकमध्ये वाटीएवढे खळगे होते. बारकी तशा एका खळग्याशी गुडघे टेकून बसली होती. तिने दोन बोटं आत घातली, चाचपलं, आणि टाचणी वर काढली.

ओळभर सुस्कारा गेला. आईने नकळत हात पुढे केला. बारकीने टाचणी तिच्या हातावर ठेवली नाही. कमरेच्या पिशवीत टाकून पिशवीची चेन ओढून घेतली.

"अगं, माझी आहे ती."

"डेकवर पडली की जहाजाची," बारकी म्हणाली. आवाजात राग नव्हता, लाडही नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला 'उद्या संध्याकाळी या' असं सांगावं, तसा आवाज होता.

ओळ मोडली. लोकांना पुन्हा आत सोडलं. आचारी जाता जाता आईला म्हणाला, "काकू, आमच्याही हातून पडतं. मागे माझा चमचा पडला होता. चमच्याएवढं मोठं पडलं तरी असाच शोध."

तिने मान डोलावली.

अधिकाऱ्याने बारकीला थोडा वेळ मोकळं सोडलं. दोघी कडेच्या जाळीपाशी उभ्या राहिल्या. खाली धक्क्यावर रांग अजून वाढतच होती. भाऊ शहाण्यासारखा लांब जाऊन एका विमानाकडे, ते विकत घ्यायचं असल्यासारखा, बघत उभा होता.

"तू रागावलीस," बारकी म्हणाली.

"नाही."

"फोनवर म्हणालीस, समोरासमोर काहीतरी बोलायचंय. उद्या मला सांगायचंय त्यांना. बोल ना."

बारकीने जाळी घट्ट धरली होती. आईने ते बघितलं. सांगितलं तर पोर ऐकेल, हे तिला त्या मुठीवरून कळलं. तिने लेकीच्या उसवलेल्या बाहीचा काठ नुसत्या बोटांनी आत दुमडला.

"पहाटे इथे थंडी वाजत असेल."

"वाजते."

"आतून काय घालता?"

"देतात ते. पातळ असतं."

"वळ तिकडे."

टेप खाली थाळीत राहिली होती. तिने वितीने लेकीची पाठ मोजली, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, मग मानेपासून कमरेपर्यंत. येणारे-जाणारे बघत होते. बारकी लहानपणी उभी राहायची तशी हात पसरून उभी राहिली.

"पुढच्या बंदराचा पत्ता मामाला सांगून ठेव," आई म्हणाली. "बंडी शिवून पाठवते. आत अस्तर लावते. बटण एकही लावत नाही. नाड्या करते, दोनदा टाचलेल्या. ओढून बघ, तुटायच्या नाहीत."