पडद्यावरचे नऊ मिलिमीटर

मंगळवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी उतारावरची साओ बेंतू वस्ती दरडीखाली गेली. इशाऱ्याचा भोंगा वाजला नव्हता.

भोंगा वस्तीतच राहणारे एविलाझियो सांभाळायचे. निवृत्त बसचालक, वय एकोणसत्तर. हवामान केंद्राने त्यांना दिलेल्या पडद्यावर तासाभराचा पाऊस चाळीस मिलिमीटरपुढे गेला की वाजवायचा, असा नियम. पडद्यावर नऊ होते. पावणेतीनला त्यांनी केंद्रात फोन केला. तो डाल्वाने घेतला. आकडे पोचवणारी यंत्रणा तिनेच बांधली होती.

"पोरी, इथे पायऱ्यांवरून ओढा वाहतोय आणि तुझं यंत्र म्हणतं नऊ! झोपलंय का ते?"

"यंत्र झोपत नाही काका, झोपता तुम्ही. मागच्या महिन्यात उगाच वाजवलात, शिव्या खाल्ल्यात ना?"

"खाल्ल्या. निम्म्या तर बायकोच्याच."

"मग थांबा जरा. आकडा वाढला की वाजवा."

ते थांबले.

संगणकातून बाहेर जाणारे आकडे आधी ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातात. ती त्यांची स्वतःजवळ नक्कल करते, मग नेटवर्क कार्डाला देते. वादळात शेकडो पर्जन्यमापक एकदम बोलू लागले की या नकलांतच वेळ जायचा. डाल्वाने मार्चमध्ये तो टप्पा काढून टाकला. कार्ड थेट प्रोग्रॅमच्या मेमरीतून आकडे उचलू लागलं. अट एकच: आकडा गेला अशी कार्डाची पोच येईपर्यंत त्या जागेवर दुसरं काही लिहायचं नाही. नक्कल होत असे तेव्हा ही काळजी कुणालाच घ्यावी लागत नव्हती. डाल्वाच्या प्रोग्रॅममध्ये एका ठिकाणी पोचेची वाट पाहायची राहिली होती.

बुधवारी सकाळी तिने आणि तिचे वरिष्ठ ओतासिलियो यांनी नोंदी तपासल्या. साओ बेंतूचा आकडा निघण्याआधीच त्या जागेवर खालच्या गावाचा नऊ लिहिला गेला होता. वस्तीवरचा खरा पाऊस त्र्याण्णव होता.

"आज चाळीस हजार वेळा चालवून पाहिलं तेव्हा तीनदा असं झालं," ओतासिलियो म्हणाले. "कुणाला दिसलं असतं, डाल्वा?"

"त्यांना दिसत होतं, सर. खिडकीतून. फोन करून सांगितलं त्यांनी मला."

त्यांनी कॉफी तिच्यापुढे सरकवली. तिने घेतली नाही. अहवालात तिने चुकलेली ओळ लिहिली, आणि खाली फोनवरचं बोलणं, शब्दाला शब्द.

भोंग्याने किती जण वाचले असते, यावर तज्ज्ञांनी अजून मत दिलेलं नाही. गुरुवार दुपारपर्यंत सात मृतदेह सापडले. एविलाझियो त्यांत नाहीत. त्यांची बायको त्या दुपारी बहिणीकडे गेली होती. ती शाळेतल्या निवाऱ्यात आहे. चार वाजता उतार पुन्हा सरकू लागला म्हणून शोध थांबवण्यात आला.